गाडी तापते? मिक्श्चरच्या स्क्रूला हात लावण्याआधी हे तपासा

“भाऊ, गाडी लय तापून राह्यली, जरा हवा-पेट्रोल सेट करून द्या न.”

मार्च सरला की यवतमाळपासून वणी-पांढरकवड्यापर्यंत कोणत्याही मिस्त्रीच्या कानावर हे वाक्य रोज पडतं. गिऱ्हाइकाने रोगही ठरवलेला असतो आणि औषधही. गाडी तापते म्हणजे मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, बिघडलं, आणि मिक्श्चर बिघडलं म्हणजे तो छोटा स्क्रू फिरवायचा. मी असल्या गाड्या वर्षानुवर्षं उघडत आलोय. बहुतेक वेळा दोष त्या स्क्रूच्या आधीच कुठेतरी सापडतो, आणि दोष खरंच मिक्श्चरचा असला तरी रस्त्यावरचं तापणं त्या स्क्रूने सहसा जात नाही. का ते पुढे येईलच.

हे सगळं 100 ते 150 सीसीच्या, हवेवर थंड होणाऱ्या, कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) फोर-स्ट्रोक गाड्यांबद्दल आहे. जुनी स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन, डिस्कव्हर या जातीच्या. गावाकडे आजही याच जास्त आहेत. इंजेक्शनच्या गाड्यांबद्दल शेवटी बोलू.

लक्षणं

इंजिनला हात लावला आणि चटका बसला, हे लक्षण नव्हे. दहा किलोमीटर चालून आलेल्या चांगल्या गाडीच्या हेडवरही, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागावरही, हात टेकत नाही. पाण्याचा थेंब चर्र करून उडाला म्हणून घाबरणारेही येतात. पाणी 100 अंशांना उकळतं आणि चालत्या गाडीचं हेड त्याच्या वरच असतं. पायाला झळ लागते ही तक्रारही मे अखेरच्या नवतप्यात धरू नका. चंद्रपूर-अकोल्यात पारा 45 च्या वर असताना रस्त्याचीच झळ लागते.

खरी लक्षणं वेगळी आहेत. गाडी थंड असताना नीट ओढते आणि पंधरा-वीस किलोमीटरनंतर मलूल होते. जो चढ चौथ्या गिअरमध्ये निघायचा, तिथे तिसरा टाकावा लागतो. रेस सोडली तरी इंजिनचा आवाज लगेच खाली येत नाही, वरच रेंगाळतो. उतारावर रेस बंद केली की सायलेन्सर फटफट करतो. डबलसीट चढावर रेस दिली की डब्यात खडे हलवल्यासारखी खटखट ऐकू येते. प्लग काढला तर त्याचं चिनी मातीचं टोक पांढरंफटक दिसतं.

सगळ्यात बोलकं लक्षण चोकचं आहे, कारण चोक ओढला की पेट्रोल जास्त जातं. गरम इंजिनवर चोक थोडासा ओढला आणि गाडी अडखळण्याऐवजी सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडतंय असं समजा. चोकचा खटका हँडलवर असेल तर मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात हे बघता येतं. कार्बोरेटरवरच असेल तर चालत्या गाडीवर खाली वाकू नका, उभ्या गाडीवर रेस धरून बघा.

उलट काळा धूर, पेट्रोलचा वास, काजळलेला प्लग आणि पडलेलं मायलेज ही पेट्रोल जास्त जात असल्याची लक्षणं. तशी गाडी सहसा तापत नाही. तरीही तापत असेल तर कारण मिक्श्चरबाहेरचं असण्याची शक्यता जास्त.

पेट्रोल कमी पडलं की इंजिन का तापतं

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, वजनाने. पूर्ण ताकद हवी असेल तेव्हा इंजिन 12.5-13 च्या आसपास मागतं, म्हणजे थोडं जास्त पेट्रोल. ते जास्तीचं पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतं. मिक्श्चर याच्या उलट बाजूला, म्हणजे पातळ किंवा मिस्त्री म्हणतात तसं लीन झालं, की हा गारवा जातो. वर जळणंही मंद होतं. एक्झॉस्ट वाल्व उघडतो तेव्हा आत अजून जाळ चालूच असतो, आणि वाल्व, हेड आणि बेंड पाइप (हेडपासून सायलेन्सरकडे जाणारी नळी) ती उष्णता खातात.

आता एक गैरसमज. उन्हाळ्यात गाडी लीन होते असं सर्रास म्हणतात, पण कार्बोरेटरच्या गाडीत होतं उलट. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे त्याच जेटवर (पेट्रोल मोजून सोडणारं कार्बोरेटरमधलं बारीक भोक) मिक्श्चर उन्हाळ्यात किंचित रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, होतं आणि डिसेंबरच्या थंडीत किंचित लीन. उन्हाळ्यात गाडी तापते ती थंड होणं कमी झाल्यामुळे. समजा इंजिनची पाती, म्हणजे वारा खाणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या, 150 अंशांवर आहेत. हवा 20 अंशांची असेल तर फरक 130 चा, आणि 45 ची असेल तर 105 चा. म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची ताकद आपसूकच पाचव्या हिश्शाने घटली. थंडीत जो बारीक दोष लपून राहतो तो एप्रिलमध्ये उघडा पडतो, एवढाच उन्हाळ्याचा वाटा.

फुकटातले तपास

सुरुवात पात्यांपासून. पावसाळ्यात पांदणीतून गेलेल्या गाडीच्या पात्यांत काळी माती भरते, ती वाळली की दगड होते. त्यावर ऑइलचा ओशटपणा आणि त्याला चिकटलेलं सोयाबीनचं कुटार. पाती असूनही नसल्यासारखी. गाडी पूर्ण गार असताना लाकडी काडीने आणि जुन्या ब्रशने कोरून काढा, मग धुवा. सिलिंडरच्या मागच्या बाजूची आणि हेडच्या खालची पाती कोणी बघत नाही, माती तिथेच सगळ्यात जास्त असते. तापलेल्या इंजिनवर विहिरीचं पाणी ओतून “थंड” करणारे महाभाग प्रत्येक गावात आहेत. अचानक बसलेल्या गारव्याने अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकू शकतं, तडकूही शकतं.

लेगगार्डला काय बांधलंय तेही बघा. फवारणीचा पंप, दुधाची कॅन, पोतं. इंजिनवर वारा येण्याची वाटच बंद असेल तर जगातला कोणताही कार्बोरेटर तिला गार ठेवणार नाही.

मग गाडी मोकळी चालते का ते. मेन स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. दोन-तीन फेरे सहज फिरायला हवं. घासत थांबलं तर मागचा ब्रेक ओढलेला आहे, आणि इंजिन दिवसभर ब्रेकशी भांडतंय. ब्रेक शू चिखलाने जाम झालेले असणं हा आमच्याकडचा नेहमीचा आजार. चेन मधोमध वर-खाली 20 ते 30 मिलिमीटर हलली पाहिजे. ताणलेली चेन इंजिनवर ओझं टाकते, शिवाय बेअरिंगही खाते. टायरची हवा चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर चिकटवलेल्या स्टिकरप्रमाणे, अंगठ्याने दाबून नाही.

क्लच सरकत असेल तर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी त्या प्रमाणात पुढे जात नाही, आणि फरकाची सगळी उष्णता इंजिनच्या ऑइलमध्ये जाते. लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल आहे का बघा. मोकळी चाल अजिबात नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेलाच असतो. वायर सैल करायला एक पाना आणि दोन मिनिटं पुरतात.

टाकीचं झाकण हा माझा लाडका संशयित. त्यात हवा आत यायला बारीक भोक असतं. धुळीने ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरणं हळूहळू कमी होतं. दहा-पंधरा किलोमीटर गाडी झकास, मग मलूल, मग तापून बंद. पाच मिनिटं उभी केली की पुन्हा चालू. मालक सांगतो, “थंडी झाली का चालते.” गार झाल्यामुळे ती चालत नाही, तेवढ्या वेळात हवा आत शिरते म्हणून चालते. पुढच्या वेळी मलूल झाली की लगेच झाकण उघडा. सूं असा आवाज आला की दोष सापडला. भोक साफ करा, खर्च शून्य.

ऑइल आणि पेट्रोल

हवेवरच्या इंजिनमध्ये उष्णता वाहून नेण्याचं बरंच काम ऑइल करतं. आणि अशा गाडीत ते पाऊण-एक लिटरच्या आसपासच असतं, म्हणजे दोनशे मिली कमी झालं तरी मोठा फरक पडतो. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी उभी करा. बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून डिपस्टिक बघा. बऱ्याच गाड्यांत मोजताना स्टिक आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, आटे फिरवून मोजलं तर पातळी चुकीची दिसते. ग्रेड पुस्तिकेत लिहिलेलाच टाका. 10-डब्ल्यू-30 च्या गाडीत “उन्हाळा आहे, जाड टाक” म्हणून दुसरंच ओतणं मला पटत नाही. बारीक वाटांत जाड ऑइल उशिरा पोहोचतं, आणि सकाळी गाडी चालू करताना घासणं तिथेच होतं.

पेट्रोलचं प्रकरण थोडं मोठं आहे. गावात दुकानावर पाण्याच्या बाटलीतून मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये काय आहे ते देव जाणे. रॉकेलची भेसळ असेल तर ऑक्टेन (पेट्रोलची आपोआप न भडकण्याची ताकद) पडतो आणि खटखट सुरू होते. खटखट म्हणजे आतलं मिक्श्चर वेळेआधी, आपोआप भडकणं, आणि तिच्याइतकं पिस्टनला तापवणारं दुसरं काही नाही. दोन टाक्या वेगळ्या, नेहमीच्या पंपावर भरून बघा. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी मागा, तो तुमचा हक्क आहे. कागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर तेलकट डाग राहायला नको.

पाण्याचा तपास घरी होतो. इंजिन गार असताना, उघड्यावर, बिडी-सिगारेट लांब ठेवून कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडा आणि पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या. दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. इथेनॉलमुळे पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, पण मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून खाली बसतात. पावसाळ्यात उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि अर्धी रिकामी टाकी असली की हे हमखास होतं.

आता ज्यावर पारावर रोज भांडण होतं ते ई-20. त्यात 20 टक्के इथेनॉल असतं, आणि 2025 पासून बहुतेक पंपांवर तेच मिळतं. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, भागाला 9 च्या आसपास. त्यामुळे ई-20 चं गणित 14.7 वरून 13.5 च्या जवळ येतं. जुना कार्बोरेटर आंधळा आहे, त्याला पेट्रोल बदललं हे कळत नाही. शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने बसवलेलं जेट ई-20 वर साधारण सात-आठ टक्के लीन पडतं. जुन्या गाडीत हा फरक जाणवू शकतो: रेस घेताना अडखळणं, सकाळी चोक जास्त वेळ लागणं. पण सगळा दोष त्याच्यावर ढकलू नका. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो आणि वाफ होताना ते उष्णताही जास्त ओढतं, म्हणून खटखट त्याने वाढत नाही. जी गाडी आधीच काठावर लीन होती तिला ते काठावरून ढकलतं. त्याहून मोठा त्रास जुन्या रबरांचा. इथेनॉलने जुने पाइप, ओ-रिंग फुगतात किंवा कडक होतात, आणि मग पुढचा तपास लागतो.

हवा चोरून कुठून येते

शंभर-दोनशे रुपयांच्या आतलं काम, आणि खऱ्या लीन गाड्यांत मला सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतो.

आधी एअर फिल्टर. तुंबलेला फिल्टर गाडी रिच करतो. फाटलेला, नीट न बसलेला किंवा काढून फेकलेला फिल्टर लीन करतो, आणि धूळ सरळ सिलिंडरमध्ये नेतो. “फिल्टर काढला का पिकअप वाढते” असं सांगणाऱ्याचं ऐकून काढला असेल तर आधी तो बसवा, बाकी तपास नंतर. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, हलकं ऑइल लावून पुन्हा चालतो. ओशट कागदाचा फिल्टर धुवायचा नसतो, हवाही मारायची नसते, सरळ बदलायचा. कच्च्या रस्त्यावर पुस्तिकेतल्या अंतराच्या निम्म्यावरच. डबा उघडलाच आहे तर आत हात घालून बघा. गोठ्यात लावलेल्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात उंदराने कापूस आणून संसार थाटलेला मी पाहिलाय.

मग कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधला रबर, त्याची ओ-रिंग, त्याचे दोन बोल्ट. इथून शिरणारी हवा फिल्टरमधून येत नाही आणि कार्बोरेटरच्या हिशेबातही नसते. रेस सोडल्यावर आवाज वर रेंगाळतो त्याचं हे पहिलं कारण. इंजिन कोमट असताना चालू करून या सांध्यांवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याची बारीक फवार मारा. आवाज बदलला, क्षणभर अडखळला किंवा खाली आला, की चोर सापडला. काही जण यासाठी पेट्रोल किंवा क्लीनरचा स्प्रे मारतात. गरम बेंड पाइप वीतभर अंतरावर असतो, तो खेळ नको. रबरावर भेगा असतील तर सिलिकॉन फासून वेळ काढू नका, नवा आणा. त्याच भागात बारीक व्हॅक्यूम पाइप असतो, प्रदूषणाच्या वाल्वकडे जाणारा. तो निसटलेला किंवा टोकाला चिरलेला असला तरी तेच होतं.

रेस सोडल्यावर सायलेन्सर फटफट करतो पण बाकी सगळं ठीक आहे, तर हेडवर बेंड पाइप बसतो तिथली गॅस्केट बघा. तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली तरी फटफट होते, आणि लोक मिक्श्चर रिच करत बसतात.

प्लग वाचणं

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम अ‍ॅल्युमिनियममधून प्लग जोर लावून काढला तर हेडचे आटे प्लगबरोबर बाहेर येतात आणि पन्नास पैशांचं काम हजारांत जातं.

फिकट तपकिरी म्हणजे बरोबर. कोरडी काजळी म्हणजे रिच. ओली, तेलकट काळी म्हणजे ऑइल वर येतंय, तो वेगळा आजार. पांढरा आणि त्यावर बारीक फोड किंवा चमकणारे कण म्हणजे गंभीर लीन किंवा खटखट, गाडी चालवू नका. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलवर प्लग पूर्वीसारखा विटकरी होत नाही, फिकटच राहतो. नुसतं फिकट दिसलं म्हणून घाबरू नका.

आणि गाडी गावात आणून, दारात दोन मिनिटं आयडलवर (रेस न देता चालू) ठेवून, मग काढलेला प्लग फक्त आयडलची गोष्ट सांगतो. रस्त्यावरचं मिक्श्चर बघायचं असेल तर मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगात गाडी तापते त्या वेगात तीन-चार किलोमीटर चालवा. क्लच दाबा आणि त्याच क्षणी किल स्विच किंवा चावी बंद करून बाजूला थांबा. चावीने हँडल लॉक होणार नाही एवढं भान ठेवा. मग गार होईपर्यंत बाभळीखाली बसा.

आता स्क्रू

कार्बोरेटरवर बाहेरून फिरणारे दोन स्क्रू असतात. एक आयडलचा, तो फक्त स्लाइड (रेस दिली की वर सरकून हवेची वाट उघडणारा भाग) वर-खाली धरतो. दुसरा मिक्श्चरचा. हा दुसरा स्क्रू आयडल आणि साधारण पाव रेसपर्यंतचं मिक्श्चर ठरवतो. पाव ते पाऊण रेसमध्ये सुई आणि तिचं नळकांडं, पाऊणच्या पुढे मेन जेट. आता सांगा, तुमची गाडी कुठे तापते? दारव्हा रोडवर डबलसीट, अर्ध्या रेसवर. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात, जवळजवळ पूर्ण रेसवर. तिथे हा स्क्रू जवळपास गैरहजर असतो. गाडी बाजारात, गर्दीत, कमी रेसवर तापत असेल तरच त्याचा उपयोग.

फिरवायचाच असेल तर आधी त्याची जागा बघा. हा स्क्रू स्लाइडच्या एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो: आत फिरवला की रिच, बाहेर काढला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो: आत फिरवला की लीन, बाहेर काढला की रिच. म्हणजे अगदी उलट. शेजाऱ्याच्या गाडीवर जे चाललं ते तुमच्या गाडीवर करून इंजिन जास्त तापवून घेतलेले लोक दर उन्हाळ्यात येतात.

गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा. पेचकस बरोबर मापाचा घ्या. स्क्रू हळूच आत फिरवत किती फेरे लागले ते मोजा आणि कागदावर लिहा. तळाला टेकला की थांबा. जोर लावला तर टोक चेपतं किंवा कार्बोरेटरमधली बसायची जागा फाटते, आणि मग तो कार्बोरेटर कधीच सेट होत नाही. परत लिहिलेल्या जागी आणा. बहुतेक गाड्यांत ही जागा दीड ते अडीच फेऱ्यांमध्ये येते. आता इंजिन चालू करून पाव-पाव फेरा फिरवा आणि प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद थांबून ऐका. आवाज ज्या जागी सगळ्यात वर आणि एकसारखा येतो ती जागा शोधा, तिथून रिचच्या बाजूला अष्टमांश फेरा. शेवटी आयडलच्या स्क्रूने वेग खाली आणा. या गाड्यांचं आयडल साधारण 1400 फेऱ्यांच्या आसपास असतं, टॅकोमीटर नसेल तर इंजिन न अडखळता शांत चालेल इतकं. एक-दोन वेळा रेस देऊन सोडा, आवाज पटकन खाली यायला हवा.

स्क्रू तीन-साडेतीन फेरे बाहेर काढला (किंवा एअर स्क्रू असेल तर पूर्ण आत घातला) तरच गाडी नीट चालते, असं झालं तर स्क्रू तुम्हाला सांगतोय की पायलट जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारं) अर्धवट बुजलंय किंवा कुठून तरी हवा शिरतेय. तिथे फिरवणं थांबवा.

तालुक्याच्या पीयूसी सेंटरचाही यात उपयोग होतो. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढला असेल तर आयडल रिच आहे. तो अगदी कमी आणि हायड्रोकार्बन जास्त, तर लीन मिक्श्चर न जळता बाहेर पडतंय. सर्टिफिकेट तर काढायचंच असतं, स्क्रीनकडे बघून या.

जेट आणि सुई

रस्त्यावर तापणारी, चोक ओढल्यावर सुधारणारी, हवेची गळती नसलेली गाडी आली की मगच मी कार्बोरेटर उतरवतो. यात पहिली शंका घाणीची, दुसरी माणसाची. “मायलेज वाढवून देतो” म्हणून मेन जेटच्या भोकात तांब्याच्या वायरची तार घालणारे किंवा लहान नंबरचं जेट बसवणारे मिस्त्री असतात. मायलेज चार-पाच किलोमीटर वाढतंही. त्याची किंमत पुढच्या मे महिन्यात एक्झॉस्ट वाल्व आणि पिस्टन देतात. जेटवर कोरलेला नंबर कंपनीच्या पार्ट यादीशी ताडून बघा.

जेट साफ करायला क्लीनर आणि पंक्चरवाल्याकडची हवा. सुई, तार, झाडूची काडी घालू नका. भोक शतांश मिलिमीटरमध्ये मोजलेलं असतं, एक ओरखडाही त्याचं माप बदलतो. कार्बोरेटरच्या सुईला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली घातली की सुई वर येते आणि मधलं मिक्श्चर रिच होतं. एकच खाच, मग पन्नास-शंभर किलोमीटर चालवून प्लग बघा. सुई दोन-तीन खाचा एकदम वर नेऊन गाडी “गार” करणं महागात पडतं. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली नेतं आणि ऑइल पातळ करतं.

इथे थांबा, गाडी मिस्त्रीकडे न्या

पेट्रोल बदलूनही लोडवर खटखट राहिली. प्लगवर फोड किंवा धातूचे कण दिसले. ऑइल काढलं आणि त्यात चमचम आहे. गाडी चालता चालता मागचं चाक धरल्यासारखं झालं आणि गार झाल्यावर सुटलं, म्हणजे पिस्टन जाम होऊ लागलाय, त्यानंतर किकही मारू नका, टेम्पोत टाकून न्या. स्क्रूचं टोक आत तुटलं. हेड आणि सिलिंडरच्या सांध्यातून ऑइल किंवा फसफस येतंय.

वाल्वचं टॅपेट (वाल्वची मोकळी फट) थंड इंजिनवर फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, पुस्तिकेतल्या मापाला सेट होतं. ज्याच्याकडे गेज नाही त्याने करू नये, मिस्त्री असला तरी. एक्झॉस्टचं टॅपेट घट्ट असेल तर वाल्व पूर्ण बसत नाही, आपली उष्णता हेडला देऊ शकत नाही आणि जळतो. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून खूश होणाऱ्या मालकांना हे पटवणं अवघड जातं.

बीएस-6 म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत फिरवायला मिक्श्चरचा स्क्रू नाही. तिथे पाती, ऑइल, ब्रेक, चेन, फिल्टर आणि पेट्रोल इथपर्यंतचे तपास तुमचे. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा पेटून राहिला तर स्कॅनर असलेल्या ठिकाणीच न्या. थ्रॉटल बॉडीवर कुठला स्क्रू दिसला म्हणून तो फिरवणाऱ्याकडे नको.

नेताना “तापते” एवढंच सांगू नका. किती किलोमीटरनंतर तापते, किती रेसवर, एकटं की डबलसीट, चोक ओढल्यावर काय होतं, झाकण उघडल्यावर आवाज आला का, शेवटचं ऑइल कधी आणि कोणतं टाकलं, मिक्श्चरचा स्क्रू मुळात किती फेऱ्यांवर होता. काढलेला प्लग न पुसता कागदात गुंडाळून सोबत न्या.